मानवी भाषेची वैश्विक लक्षणे रचनेत शोधावीत की संवादात?

तिसवाडीकर

भाषाविज्ञानाच्या पदवी वर्गात ‘मानवी भाषेची लक्षणे’ हे प्रकरण आले की एकच यादी वर्षानुवर्षे उतरवून दिली जाते. अमेरिकन भाषावैज्ञानिक चार्ल्स हॉकेट यांनी १९५८ मध्ये सात आणि १९६० मध्ये तेरा लक्षणे मांडली, आणि पुढे त्याच दशकात ती संख्या सोळावर नेली. यादृच्छिकता म्हणजे शब्द आणि अर्थ यांत स्वाभाविक नाते नसणे, विविक्तता म्हणजे भाषेचे घटक एकमेकांपासून सुटे असणे, नवनिर्मितिक्षमता म्हणजे कधी न ऐकलेली वाक्ये घडवता येणे, द्विस्तरीय रचना म्हणजे निरर्थक ध्वनींच्या जुळणीतून सार्थ शब्द होणे, समोर नसलेल्या वस्तूविषयी बोलता येणे म्हणजे दूरसंदर्भ, परंपरेने होणारे संक्रमण ही त्यांतली ठळक नावे. विद्यार्थी ती पाठ करतात, प्रत्येकापुढे मधमाशी किंवा माकड उभे करतात आणि ‘माणसाकडे आहे, प्राण्याकडे नाही’ असे लिहून गुण घेतात. मी स्वतः हेच शिकवतो, आणि तरीही माझे ठाम मत आहे की मानवी भाषेत वैश्विक काय आहे या प्रश्नाचे उत्तर म्हणून ही यादी आता बाजूला ठेवली पाहिजे.

तेरापैकी निदान तीन लक्षणे भाषेची नसून ध्वनीची आहेत. आवाज सर्व दिशांना पसरतो, तो क्षणात विरतो आणि तो कानाने ऐकला जातो, हे कोकिळेच्या कुहूकारालाही लागू पडते. उरलेल्यांपैकी बरीचशी प्राण्यांत सुटी सुटी सापडतात. कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले त्यामागे मधमाशीच्या नृत्याचा उलगडा होता, आणि ते नृत्य दूरवरच्या फुलांची दिशा व अंतर सांगते, म्हणजे दूरसंदर्भ तेथे आहेच. केनियातील व्हर्वेट माकडे बिबट्या, गरुड आणि साप यांच्यासाठी वेगवेगळे इशारे देतात, हे १९८० मध्ये प्रयोगाने दाखवले गेले. पाखरांची पिल्ले मोठ्यांकडून गाणे शिकतात, तेव्हा परंपरेने संक्रमण हेही आपले एकट्याचे राहत नाही.

व्याकरणातली वैश्विकता शोधू पाहणाऱ्यांची स्थितीही फार निराळी नाही. जोसेफ ग्रीनबर्ग यांनी १९६३ मध्ये तीस भाषा तपासून पंचेचाळीस विधाने केली, पण त्यांतली कित्येक ‘योगायोगापेक्षा पुष्कळ अधिक वेळा’ या पुरवणीसह आहेत. ज्या भाषेत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते तिच्यात ‘वर’, ‘साठी’ यांसारखे संबंधदर्शक शब्द नामाच्या नंतर येतात, असे त्यांतले एक विधान आहे. मराठी आणि कोकणी ते पाळतात. पणजीतल्या जुन्या घरांत अजून ऐकू येणारी पोर्तुगीज भाषा क्रियापद मध्ये ठेवते आणि संबंधदर्शक आधी, तेही या चित्रात बसते. परंतु फारसीत क्रियापद शेवटी असूनही संबंधदर्शक शब्द नामाच्या आधी येतात. अशा विधानाला कल म्हणावे. वैश्विक लक्षण म्हणू नये.

मग सर्वत्र सारखे काय आढळते? दहा भाषांतील संभाषणे मोजून २००९ मध्ये असे दिसले की एकाचा प्रश्न संपणे आणि दुसऱ्याचे उत्तर सुरू होणे यांतील अंतर सरासरी सेकंदाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास असते; भाषाभाषांत थोडा फरक पडतो, पण पट्टा तोच राहतो. बारा भाषांच्या २०१५ मधील अभ्यासात असे आढळले की ऐकणारा माणूस सरासरी दीड मिनिटाच्या आतच एकदा तरी ‘काय म्हणालास?’ अशा स्वरूपाची विचारणा करतो. सतरा भाषांच्या २०१९ मधील मोजणीत भरभर बोलल्या जाणाऱ्या आणि संथ बोलल्या जाणाऱ्या भाषांचा माहिती पोहोचवण्याचा वेग जवळपास एकच निघाला, सेकंदाला सुमारे ३९ बिट. व्याकरणे इतकी भिन्न असताना हे आकडे जुळतात, यावरून मला वाटते की मानवी भाषेचे वैश्विकपण भाषेच्या सांगाड्यात नसून दोन माणसांच्या देवाणघेवाणीच्या रीतीत आहे. विरोधी मते अवश्य यावीत. एक विनंती मात्र आधीच करून ठेवतो: कोकणी आणि मराठी यांच्या नात्याचा वाद येथे आणू नये. त्यासाठी गोव्यात जागांची टंचाई नाही.

अंत्रुजकर

तिसवाडीकरांनी दोन वेगळे प्रश्न एकाच दाव्याला बांधले आहेत. सर्व मानवी भाषांत काय आढळते हा एक प्रश्न. केवळ मानवी भाषेत काय आढळते हा दुसरा. गोव्यातील झाडून सारी माणसे श्वास घेतात, म्हणून श्वास घेणे हे गोमंतकीयत्वाचे लक्षण ठरत नाही. संभाषणात आळीपाळीने बोलणे सर्वत्र सारखे असेल, पण मार्मोसेट नावाची छोटी माकडेही एकमेकांना साद घालताना पाळी पाळतात, दुसऱ्याची साद संपेपर्यंत थांबतात, हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेले संशोधन आहे. ज्या कसोटीवर हॉकेट यांची लक्षणे बाद केली तीच आपल्या लक्षणाला लावून पाहावी.

हॉकेट यांच्यावरचा आक्षेपही नेम चुकलेला आहे. त्यांच्या १९६० च्या लेखात एक तक्ता आहे, आणि त्यात रातकिडे, मधमाशा, काटेमासे, गिबन वानर इतकेच नव्हे तर वाद्यसंगीतही एकाच पंक्तीला बसवले आहे. प्रत्येक लक्षण माणसाचे एकट्याचे आहे असा त्यांचा दावा असता तर तो तक्ता करण्याचे कारणच उरले नसते. ही सारी लक्षणे एकत्र नांदतात ती मानवी भाषेतच, हे त्यांचे म्हणणे होते, आणि मधमाशीचे नृत्य किंवा माकडाचा इशारा दाखवून ते खोटे ठरत नाही. व्हर्वेट माकड गरुडाचा इशारा देते, परंतु काल आलेल्या गरुडाविषयी ते काही सांगत नाही. मधमाशी दूरच्या फुलांविषयी सांगते, पण तिच्या नृत्याचे विषय जवळपास ठरलेले असतात. पाठांतराच्या उत्तरपत्रिका वाईट असतील तर दोष शिकवण्याच्या पद्धतीचा आहे.

नवनिर्मितिक्षमता हे काही अमेरिकेत १९६० साली सापडलेले लक्षणही नव्हे. पतंजलींच्या महाभाष्याच्या पहिल्याच आह्निकात बृहस्पतीची कथा येते. बृहस्पतीने इंद्राला एकेक शब्द उच्चारून भाषा सांगायला घेतली, दिव्य अशी सहस्र वर्षे तो सांगत राहिला आणि तरी शेवट आला नाही. बृहस्पतीसारखा वक्ता, इंद्रासारखा अध्येता आणि एवढा दीर्घ काळ, तरीही जे संपले नाही ते शंभर वर्षे जगणाऱ्या माणसाला कसे साधावे, असे विचारून पतंजली सांगतात की शब्दांची गणना हा भाषा जाणण्याचा उपाय नव्हे. सामान्य नियम आणि त्यांचे अपवाद हा उपाय. पाणिनींची सुमारे चार हजार सूत्रे याच जाणिवेतून उभी आहेत. मोजक्या नियमांतून अमर्याद वाक्ये, आणि मोजक्या निरर्थक ध्वनींतून हजारो सार्थ शब्द. ‘र’ आणि ‘स’ यांना स्वतःचा अर्थ नाही, परंतु ‘रस’ आणि ‘सर’ यांना आहे. बुगनविल बेटावरच्या रोटोकास भाषेत अवघे अकरा स्वनिम, म्हणजे अर्थभेद करणारे ध्वनी, आहेत, आफ्रिकेतील ता भाषेत शंभराहून अधिक आहेत, पण अडते कोणाचेच नाही. हे सांगाड्याचेच सामर्थ्य आहे. सेकंदाचा पाचवा हिस्सा मोजून ते हाती लागणार नाही.

पेडण्याचा वाचक

यादृच्छिकतेकडे दोघांनीही लक्ष दिलेले नाही, म्हणून थोडेसे. रिमझिम, झुळझुळ, खणखणीत, गुळगुळीत अशा शब्दांनी मराठी भरलेली आहे. २०१६ मध्ये जगातील हजारो भाषांच्या मूळ शब्दसंग्रहांची तुलना झाली तेव्हा काही अर्थ आणि काही ध्वनी यांची जोडी अपेक्षेपेक्षा अधिक वेळा जमलेली आढळली. नाकासाठीच्या शब्दात ‘न’ येणे हे त्यांतले एक उदाहरण. तेव्हा शब्द आणि अर्थ यांचे नाते सर्वस्वी यादृच्छिक असते हे विधान थोडे सैल करावे लागेल. ते खोटे आहे असे मात्र मी म्हणत नाही.

सत्तरीची शिक्षिका

मी कर्णबधिर मुलांना शिकवते. या चर्चेत आतापर्यंत भाषा म्हणजे आवाज असे गृहीत धरले गेले आहे, आणि तिसवाडीकरांनी ध्वनीची लक्षणे वगळली तीही कोकिळेच्या कारणाने. खरे कारण त्याहून जवळचे आहे. ज्या १९६० साली हॉकेट यांचा तेरा लक्षणांचा लेख आला, त्याच वर्षी विल्यम स्टोकी यांनी अमेरिकन खुणांच्या भाषेची रचना उलगडून दाखवली. हाताचा आकार, हाताचे स्थान आणि हालचाल हे घटक स्वतः निरर्थक असतात आणि त्यांच्या जुळणीतून सार्थ खुणा होतात, हे त्यांनी मांडले. एकीकडे मुखाने बोलणे आणि कानाने ऐकणे हे भाषेचे पहिले लक्षण म्हणून छापले जात होते, आणि त्याच वेळी ते लक्षण अनावश्यक असल्याचा पुरावाही छापला जात होता.

भारतीय सांकेतिक भाषा ही हातांनी केलेली मराठी किंवा हिंदी नव्हे. तिचे व्याकरण तिचे आहे. तिच्यात प्रश्नवाचक खूण वाक्याच्या शेवटी येते, मराठीत आपण सहसा तसे करत नाही. घरी कोकणी, मराठी किंवा कन्नड ऐकू येणाऱ्या कुटुंबांतली मुले एकत्र आली की त्यांच्यात हीच भाषा चालते. या भाषेच्या संशोधनासाठी आणि प्रशिक्षणासाठी दिल्लीत राष्ट्रीय केंद्र सुरू झाले ते २०१५ मध्ये, म्हणजे स्टोकी यांच्यानंतर पंचावन्न वर्षांनी.

आता दोन्ही पक्षांना अडचणीचे ठरेल असे काही सांगते. अंत्रुजकरांची द्विस्तरीय रचना सर्व भाषांत असते असे नाही. इस्राएलच्या नेगेव वाळवंटात अल्-सय्यद या बेदुइन अरबांच्या वस्तीत आनुवंशिक बहिरेपणामुळे खुणांची एक स्वतंत्र भाषा गेल्या काही पिढ्यांत तयार झाली. तिच्यात वाक्यातील शब्दांचा क्रम ठरलेला आहे, तिच्यातून गोष्टी सांगता येतात, बेत करता येतात, भांडता येते; परंतु निरर्थक घटकांच्या जुळणीतून खुणा घडवण्याचा स्तर तिच्यात अजून नीट तयार झालेला नाही, असे तिचा दीर्घकाळ अभ्यास करणाऱ्या संशोधकांनी लिहिले आहे. ती भाषा नाही असे म्हणण्यास कोणी धजेल असे मला वाटत नाही.

तिसवाडीकरांसाठी निकाराग्वा. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तेथे मानाग्वा शहरात कर्णबधिर मुलांसाठी शाळा उभ्या राहिल्या. शिक्षक ओठांच्या हालचालींवरून स्पॅनिश शिकवू पाहत होते आणि ते फारसे साधत नव्हते. मुलांनी मात्र मैदानावर आणि शाळेच्या बसमध्ये आपापल्या घरगुती खुणा एकत्र केल्या आणि त्यांतून भाषा घडत गेली. तीत नंतर आलेल्या लहान मुलांनी काय भर घातली ते पाहण्यासारखे आहे. उतारावरून गडगडत खाली जाणारी वस्तू दाखवताना पहिल्या तुकडीतली मुले गडगडणे आणि खाली जाणे एकाच हालचालीत दाखवत असत; ऐकू येणारी माणसेही बोलताना हात तसेच हलवतात. पुढच्या तुकड्यांतल्या मुलांनी त्याचे दोन भाग केले, आधी गडगडण्याची खूण आणि मग खाली जाण्याची. हे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेले निरीक्षण आहे. सुटे भाग करून ते क्रमाने जुळवणे ही रचनेची गोष्ट आहे, आणि ती कोणी शिकवलेली नव्हती.

सासष्टीकर

मला या वादातील दोन्ही बाजूंचे गृहीतच मान्य नाही. आपण वैश्विक म्हणून जे पाहतो ते बहुतेक वेळा पाहणाऱ्याच्या चष्म्याचा रंग असते, आणि याचा सर्वांत जुना छापील पुरावा आमच्या सासष्टीत आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी लिहिलेले येथील लोकभाषेचे व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये राशोल येथे छापले गेले. भारतीय भाषेचे ते पहिले छापील व्याकरण मानले जाते आणि त्याचे मोल मी कमी लेखत नाही. पण ते लॅटिन व्याकरणाच्या साच्यावर बेतलेले आहे, कारण व्याकरण म्हणजे लॅटिनचे, हे त्या काळच्या युरोपीय विद्वानाला सांगावेही लागत नसे. आपणही काही वेगळे केले नाही. दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण १८३६ चे. तेव्हापासून शाळेत संस्कृतच्या आठ विभक्तींची चौकट मराठीवर बसवली गेली आणि मुले आजही ते तक्ते पाठ करतात, मग मराठीत त्या विभक्ती वेगळ्या दिसोत वा न दिसोत.

निकोलस एव्हान्स आणि स्टीफन लेव्हिन्सन यांनी २००९ मध्ये हाच मुद्दा जगभरच्या भाषांचा आधार घेऊन मांडला: सर्व भाषांना लागू पडणारे, क्षुल्लक नसलेले आणि अपवाद नसलेले विधान जवळपास हाती लागत नाही. ब्राझीलमधील पिराहा भाषेत वाक्यात वाक्य गुंफण्याची सोय नाही, असे डॅनियल एव्हरेट यांनी २००५ मध्ये लिहिले. त्याच्या तीनच वर्षे आधी, २००२ मध्ये, ही गुंफण मानवी भाषाशक्तीच्या गाभ्याशी असल्याचे हाउसर, चॉम्स्की आणि फिच यांनी सुचवले होते. एव्हरेट यांच्या विश्लेषणावर २००९ मध्ये सविस्तर प्रतिवाद झाला आणि तो वाद मिटलेला नाही, हे मला ठाऊक आहे. पण एका भाषेवरून इतके रण माजावे यातच ‘वैश्विक’ या शब्दाचा पाया किती ठिसूळ आहे ते दिसते.

भाषाभाषांत साम्य दिसले की ते मानवी स्वभावातून आले असे समजण्याचीही घाई होते. सांगली जिल्ह्यातील कुपवाड गावात मराठी, कन्नड आणि उर्दू शतकानुशतके एका गल्लीत नांदल्या. १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की तेथील या भाषांची वाक्यरचना इतकी जवळ आली आहे की एका भाषेतले वाक्य शब्दास शब्द ठेवून दुसरीत नेता यावे. शब्द तेवढे ज्याचे त्याच्याकडे राहिले. भाषाकुळे भिन्न आणि साम्य शेजाराचे. दहा किंवा सतरा भाषांच्या मोजणीतील साम्य याहून खोल आहे, हे तिसवाडीकरांनी कशावरून ठरवले?

तिसवाडीकर

सासष्टीकरांना आधी उत्तर देतो. त्या दहा भाषांत जपानी, डॅनिश, लाओ आणि पापुआ न्यू गिनीतल्या एका बेटावरील येली-ड्न्ये या भाषा आहेत. यांचा एकमेकींशी शेजार कधी नव्हता, तेव्हा कुपवाडचा न्याय तेथे चालत नाही. शिवाय ज्या लेव्हिन्सन यांचा दाखला त्यांनी दिला, ते स्वतःच संभाषणाच्या या मोजणीत सहभागी आहेत. व्याकरणातली वैश्विकता नाकारणारा अभ्यासक संवादातली वैश्विकता मांडतो, यात मला विसंगती दिसत नाही.

मार्मोसेटविषयी अंत्रुजकरांनी सांगितले ते खरे आहे, पण त्या दोन सादांमध्ये काही सेकंद जातात. माणसाला समोरच्या चित्रातील वस्तूचे नाव उच्चारण्याची तयारी करायला सेकंदाच्या अर्ध्याहून थोडा अधिक वेळ लागतो, आणि उत्तर मात्र पाचव्या हिश्शात येते. म्हणजे समोरचा बोलत असतानाच त्याचे वाक्य कोठे संपणार याचा अंदाज बांधून आपण उत्तर जुळवत असतो. ‘काय म्हणालास?’ ही विचारणाही तशीच. चिंपांझीचा हावभाव समोरच्याला कळला नाही तर तो हावभाव पुन्हा करतो. पण ऐकणाऱ्याने ‘कोण आला म्हणालास?’ असे विचारून न कळलेल्या नेमक्या जागेवर बोट ठेवणे निराळे आहे.

शिक्षिकाबाईंच्या उदाहरणाचा मी आदर करतो, परंतु ते मला माझ्या बाजूचे वाटते. तीच मुले घरी एकेकटी असताना त्यांच्या खुणांची पूर्ण भाषा झाली नाही. शाळेत एकमेकांशी बोलायला माणसे मिळाली, तेव्हा झाली.

अंत्रुजकर

एव्हान्स-लेव्हिन्सन यांच्या युक्तिवादाचा जोर प्रत्येक भाषेत अमुक असतेच अशा विधानांवर आहे. ग्रीनबर्ग यांची महत्त्वाची विधाने सशर्त आहेत. ज्या भाषेत द्विवचन आहे तिच्यात अनेकवचन असतेच, हे त्यांतले एक. प्रत्येक भाषेत द्विवचन असते असे कोणी म्हटलेले नाही. संस्कृतात दोन्ही होती. मराठीपर्यंत येताना द्विवचन गेले आणि अनेकवचन राहिले. उलट घडले असते, म्हणजे दोघांसाठी वेगळे रूप टिकून अनेकांसाठीचे रूप नाहीसे झाले असते, तर ते मराठीचे फार मोठे वैचित्र्य ठरले असते. कोणती वाट मोकळी आणि कोणती बंद हे ज्याने ठरते तेही वैश्विकच आहे, आणि ते लॅटिनच्या साच्यातून आलेले नाही, कारण लॅटिनमध्ये द्विवचन ‘दोन’ आणि ‘दोन्ही’ अशा एकदोन शब्दांपुरतेच उरले होते.

अल्-सय्यदच्या भाषेविषयी मला इतकेच म्हणायचे आहे की ती अवघ्या काही पिढ्यांची आहे. शब्दसंख्या वाढत गेली की प्रत्येक खूण दुसरीहून सर्वस्वी निराळी ठेवणे कठीण होत जाते, आणि तेव्हा मोजके घटक पुन्हा पुन्हा वापरण्याकडे भाषा वळते. त्या भाषेतही काही कुटुंबांत अशा वळणाच्या खुणा संशोधकांना दिसल्या आहेत.

सासष्टीकर

सशर्त विधानांना माझा विरोध नाही. पण मग तेरा लक्षणांऐवजी तीच अभ्यासक्रमात असावीत, आणि त्यांच्यासोबत अपवादांची उदाहरणेही असावीत. जगात सात हजारांच्या आसपास भाषा आहेत आणि त्यांतल्या पुष्कळांचे साधे व्याकरणही कोणी लिहिलेले नाही. तीस भाषांवरून बंद वाटा ठरवताना एवढे भान ठेवले तरी मला पुरे आहे.

सत्तरीची शिक्षिका

तिसवाडीकरांनी निकाराग्वाचे उदाहरण आपल्या बाजूला ओढले आहे, म्हणून एवढेच लिहिते. सोबती मिळाल्याशिवाय भाषा घडली नाही हे मान्य. ती अट आहे. पण पहिल्या तुकडीलाही सोबती होते. ती मुले रोज एकमेकांशी बोलत, आळीपाळीने बोलत, कळले नाही तर पुन्हा विचारत, आणि मोठेपणीही त्यांचे गडगडणे व खाली जाणे पुष्कळदा एकाच हालचालीत राहिले. त्याच शाळेत, त्याच मोठ्या मुलांकडून शिकलेल्या लहानांनी ते सुटे केले. संवादाची अट दोन्ही तुकड्यांत पुरी झालेली असताना जी गोष्ट एकीत घडली आणि दुसरीत घडली नाही, ती तिसवाडीकरांनी दिलेल्या तिन्ही आकड्यांपैकी एकातही मोजली जात नाही.